ट्रॅकवर गाडीचा रंग सांभाळताना: टेप, टवके आणि संध्याकाळचा अर्धा तास

पहिल्यांदा चेन्नईच्या रेसिंग ट्रॅकवर गाडी चालवून परत आले त्या रात्री बाबांनी गॅरेजचं शटर अर्धं वर केलं, हातात बॅटरी घेतली आणि पोलोच्या पुढच्या चाकामागे उकिडवे बसले. मला त्यांना बॉनेट दाखवायचं होतं. बॉनेटवर मी निगुतीनं टेप लावली होती आणि तिथला एकही टवका उडाला नव्हता. बाबांनी बॉनेटकडे बघितलंही नाही. दाराखालच्या सिलवरून त्यांनी अंगठा फिरवला, मग माझा हात धरून तिथे टेकवला. किसणीवर बोट फिरवावं तसं लागलं.

"हे पुढच्या गाडीनं मारलेले खडे नाहीत," ते म्हणाले. "हे तुझ्याच चाकांनी मारलेत."

भोसरीत आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. बाबांनी सुरू केलं, रंगाची बाजू आता मी बघते. गाडी २०१६ची पोलो जीटी टीएसआय, लाल, सेकंडहँड घेतलेली. चाकणला तयार झालेली, म्हणजे आमच्या शेजारचीच. त्या पहिल्या खेपेनंतर मी बरंच शिकले, काही बाबांकडून आणि काही रंग गमावून. ट्रॅक डेला, म्हणजे आपली रोजची गाडी रेसिंग ट्रॅकवर चालवायला जाणारी ओळखीतली मुलं-मुली वरचेवर विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

"उडाला रंग तर परत मारता येतो की," असं पुष्कळ जण म्हणतात. मी रोज रंग मारते, म्हणून सांगते, कंपनीचा रंग परत मिळत नाही. कारखान्यात नुसती बॉडी भट्टीत जाते. वायरिंग नाही, सीट नाहीत, काचा नाहीत. त्यामुळे तिथे सर्वांत वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण १४० अंशांना भाजता येतो, आणि सर्वांत खालचा गंजरोधक थर तर त्याहूनही जास्त तापमानाला. आमच्या बूथमध्ये अख्खी गाडी उभी असते, म्हणून आम्ही ६० अंशांच्या आसपास थांबतो आणि त्या तापमानाला सुकणारे वेगळे रंग वापरतो. काम चांगलं होतं, शेडही जुळते, पण तो भट्टीतला रंग नव्हे. आणि तो असतो तरी केवढासा? पत्र्यावरचे सगळे थर मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या कागदापेक्षा थोडे जाड. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉन. तेवढ्यावर गाडी आयुष्य काढते.

पैशाचंही आधीच सांगते. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत 'वापराची मर्यादा' म्हणून एक कलम असतं. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी असले वापर त्यातून वगळलेले असतात. तेव्हा ट्रॅकवर जे होईल ते आपल्या खिशातून, असं धरूनच निघा.

खडे येतात कुठून

ट्रॅकवर टायर तापतात. तापलेलं रबर मऊ आणि चिकट होतं आणि वाटेतलं जे सापडेल ते उचलतं. बारीक खडी, वाळू, दुसऱ्या गाड्यांच्या टायरांमधून सुटलेल्या रबराच्या गोळ्या. चाक अर्धा फेरा फिरतं आणि उचललेलं सगळं मागे भिरकावतं. पुढच्या चाकाचा मारा सिलवर, पुढच्या दाराच्या खालच्या भागावर आणि मागच्या दाराच्या त्या कमानीवर होतो, जिथे दार मागच्या चाकाला वळसा घालतं. मागच्या चाकाचा मारा मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर. म्हणून बॉनेट झाकून बाजू मोकळ्या सोडणं, जे मी केलं, ते अर्धंच काम.

त्यात चाकं रुंद घातली असतील आणि टायर मडगार्डच्या बाहेर डोकावत असतील, तर बाजूंची चाळण झालीच म्हणून समजा. पुढच्या चाकांना मडफ्लॅप असू द्या. दिसायला बरे दिसत नाहीत म्हणून ट्रॅकवर जाताना काढतात काही जण. मी उलट लावून जाते. घट्ट मात्र हवेत, आणि चाक पूर्ण वळवल्यावर टायरला लागत नाहीत ना, ते घरीच बघायचं.

पुढच्या गाडीचा मारा बंपर, बॉनेटची पुढची कड, आरशांच्या पाठी आणि छताची पुढची कड यांवर बसतो. सर्वांत वाईट म्हणजे पुढचा गडी ट्रॅक सोडून मातीत गेला आणि खडी घेऊन परत डांबरावर आला ते. त्याच्यामागे आपण असलो तर टेपही पुरत नाही.

आणखी एक हिशोब महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी धरायलाच हवा, तो रस्त्याचा. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० पासून आहे, लांबी ३.७ किलोमीटर. आपला राष्ट्रीय महामार्ग ४८ पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू करत जवळजवळ त्या ट्रॅकच्या दारापर्यंत नेतो. जाताना-येताना मिळून दोन हजारांवर किलोमीटर होतात. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला गेलात तरी तेवढंच. खडीने भरलेल्या डंपरमागे दहा मिनिटं चालवलीत, तर ट्रॅकच्या एका सेशनइतके टवके तिथेच उडतात. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला जाणारे बरेच जण गाडी कॅरियरवर घालून पाठवतात. खर्च परवडत असेल तर तो शहाणपणाचा मार्ग. नाहीतर डंपर दिसला की अंतर ठेवा, संधी मिळताच पुढे जा, आणि खडी सांडत चाललेली दिसली तर सरळ मागे पडा.

फिल्म की टेप

रस्त्यासाठी आणि ट्रॅकसाठी, दोन्हीला कायमचा उपाय म्हणजे पीपीएफ, पारदर्शक फिल्म. चांगली फिल्म टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची असते, १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे तुमच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. खडा आदळला की ती दबते आणि मार स्वतःवर घेते. स्वस्तात मिळते ती पीव्हीसीची, आणि ती आपल्या उन्हात पिवळी पडते. पूर्ण गाडीला चांगली फिल्म लावायची तर खर्च लाखाच्या घरात जातो. माझं सांगणं, पूर्ण गाडीच्या नादाला लागू नका. पुढचा बंपर, बॉनेट, आरसे, सिल आणि मागच्या दाराची ती कमान एवढंच करा. लावणाऱ्याला एक गोष्ट आधी विचारा: फिल्म गाडीवर ठेवून ब्लेडने कापणार, की बाहेर मशीनवर मापात कापून आणणार? गाडीवर ब्लेड चाललं की रंगात रेघ उठण्याची भीती असते. अशा रेघा मी पाहिल्यात, फिल्म काढल्यावर पॅनेलभर नखाने ओढल्यासारख्या.

सिरॅमिक कोटिंगचं म्हणाल, तर ते मी लोकांना करून देते आणि ते चांगलं असतं, पण खड्यापुढे त्याचा उपयोग नाही. त्याची जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन. धुणं सोपं होतं, ब्रेकची धूळ कमी चिकटते, तेवढ्यासाठी करा. मेणाचंही तसंच. कापडी ब्रा, म्हणजे गाडीच्या नाकावर बांधायचं ते कव्हर, अजिबात नको. त्याच्या आत वाळू शिरते आणि कापड वाऱ्याने थरथरत राहतं. तो पॉलिश पेपरच झाला.

वर्षातून एक-दोनदाच जात असाल तर टेप पुरते. कोणती टेप, याला मात्र खरंच महत्त्व आहे. रंगकामाची निळी मास्किंग टेप घ्या, दोन इंची. पोलोएवढ्या गाडीला पन्नास मीटरचे दोन रोल लागतात. पार्सलची खाकी टेप, वायरमनची काळी टेप, चंदेरी डक्ट टेप, यांतली कुठलीही नको. त्यांचा गोंद उन्हात विरघळून रंगावर बसतो. साधी पिवळी मास्किंग टेप आम्ही गॅरेजमध्ये रोज वापरतो, पण ती तासाभरासाठी. दिवसभर उन्हात राहिली की कागद फाटतो आणि चिकटा खाली राहतो. ट्रॅकसाठी मुद्दाम बनवलेली तात्पुरती पारदर्शक फिल्मही रोलमध्ये मिळते. महाग पडते, पण रुंद असते आणि लवकर लावून होते.

टेप लावण्याआधी

आधी बघा, कुठला पॅनेल पुन्हा रंगवलेला आहे. हे वाचून पुढे जाऊ नका, खरंच बघा. माझ्या गाडीचा पुढचा बंपर आधीच्या मालकाने कुठेतरी रंगवून घेतला होता. मला ठाऊक नव्हतं, आणि मी रंगवाली असून बघितलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला संध्याकाळी टेप ओढली तर टेपबरोबर तळहाताएवढा लाल पापुद्रा निघून आला, खाली काळं प्लास्टिक. पापुद्र्याच्या पाठीला प्रायमरचा मागमूस नव्हता, ती बाजू आरशासारखी गुळगुळीत. ज्याने काम केलं त्याने प्लास्टिकला घासलंही नव्हतं आणि प्लास्टिक प्रायमरही मारला नव्हता. नुसता रंग वर बसवला होता.

पत्र्याच्या भागांवर थिकनेस गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र, लावून कळतं. कोणत्याही बऱ्या डिटेलिंगवाल्याकडे तो असतो. आकडा २०० मायक्रॉनच्या वर गेला की तिथे हात फिरलाय. बंपर प्लास्टिकचा, तिथे तो गेज चालत नाही. मग डोळे वापरायचे. बंपरच्या आतल्या कडेला रंगाचा तुषार आहे का, हेडलाइटलगत मास्किंगची कड दिसते का, तिरक्या उजेडात पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो का, आणि तो शेजारच्या मडगार्डपेक्षा वेगळा आहे का. शंका आली तर बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर टेपचा तुकडा लावा, दाबा, तासाभराने ओढा. रंग आला तर तिथे टेप नकोच. खड्याचे चार ठिपके परवडले. रंगकाम नुकतंच झालं असेल तर किमान दोन महिने जाऊ द्या. रंग हाताला सुकलेला लागतो, पण आतून सॉल्व्हंट निघत राहतो, आणि टेप किंवा फिल्म लावली की तो कोंडतो.

मग गाडी धुवायची, नीट. टेपखाली राहिलेला एक कण दिवसभर रंगावर दाबला जातो. ट्रॅकच्या दोन-तीन दिवस आधी धुऊन, वाळवून, मेणाचा पातळ हात मारून चांगलं पुसून घ्या. मेणामुळे टेप काढताना अंग सोडते. पण मेण जाड राहिलं तर टेप दुसऱ्याच लॅपला उडते, म्हणून पुसणं मनापासून. टेप ट्रॅकवर पोहोचल्यावरच लावायची, रस्त्याची धूळ धुऊन, वाळवून मग. पुण्याहून टेप लावून निघालेली गाडी मी पाहिली आहे. दोन दिवसांच्या उन्हात टेप भाजून निघाली होती आणि ती काढायला त्या मुलाचा पूर्ण रविवार गेला.

कौलं शाकारतो तशी

टेप कुठून सुरू करायची, हे मला बाबांनी एका वाक्यात शिकवलं. "कौलं कशी लावतात?" आमचं गावचं घर कौलारू. पाणी वरून खाली वाहतं, म्हणून कौलांची खालची ओळ आधी बसते आणि वरची ओळ तिच्यावर चढते. गाडीवर वारा पुढून मागे वाहतो. म्हणून बॉनेटवर मागची पट्टी आधी लावायची, आणि पुढची पट्टी तिच्यावर सेंटीमीटरभर चढवायची. असं करत नाकाकडे यायचं. उलट केलंत तर प्रत्येक पट्टीची मोकळी कड वाऱ्याच्या तोंडाला येते, आणि मुख्य सरळीवर एकेक पट्टी फडफडत सुटते.

बॉनेटचा पुढचा हातभर भाग झाकला तरी पुरे. खडे तिथेच बसतात, मागचा भाग बहुतेक वाचतो. शेवटची, म्हणजे सर्वांत पुढची पट्टी बॉनेट उघडून कडेच्या आत वळवून घ्या. ही एक कड नीट बसली तर बाकीच्या पट्ट्या हलत नाहीत. टेप ताणून लावू नका. ताणलेली टेप तापली की आखडते आणि टोकं उचलतात. हातात रोल धरून सैल सोडत जायचं आणि मागोमाग अंगठ्याने, नाहीतर कापडात गुंडाळलेल्या जुन्या एटीएम कार्डाने दाबत जायचं. वळणावर लांब पट्टी वाकवायच्या भानगडीत न पडता छोटे तुकडे चढवा. आणि कात्री-ब्लेड गाडीवर नाही. टेप हातानेच फाडायची.

बंपरवर रेडिएटरची जाळी आणि हवा आत घेणाऱ्या सगळ्या जागा मोकळ्या राहायला हव्यात, नाहीतर रंग वाचवता वाचवता इंजिन तापवाल. टो हुकचं, म्हणजे गाडी ओढायच्या हुकाच्या जागेचं झाकण काढताना स्क्रूड्रायव्हर खुपसण्याआधी भोवती टेपचे दोन थर लावा. त्या चौकोनाभोवती ओरखडे नसलेली ट्रॅकची गाडी क्वचितच बघायला मिळते. काचेचे दिवे असतील तर त्यांवर टेप लावायला आयोजक सांगतातच, फुटले तर काच ट्रॅकवर पसरू नये म्हणून. टेप लावलेले दिवे पेटवू मात्र नका. ऑटो मोड बंद करा, दिव्याच्या उष्णतेने टेप काचेला भाजून बसते.

आता बाजू. सिल, पुढच्या दाराचा खालचा वीतभर भाग, मागच्या दाराची कमान, मागच्या बंपरचा कोपरा. इथे दुहेरी थर द्या. दारांच्या फटींवरून टेप सलग नेऊ नका, दार उघडताना फाटते. प्रत्येक दाराची पट्टी वेगळी, आणि पुढची कड दाराच्या आत वळवलेली. आरशांची पाठ राहिली, ती पाच मिनिटांत होते.

नंबरासाठी चुंबकाचे स्टिकर काही जण आणतात. चुंबकाखाली धूळ अडकते आणि तो वेगात सरकतो, दिवस संपताना दारावर गोल ओरखडे दिसतात. त्याच निळ्या टेपने नंबर लिहा, किंवा व्हिनाइलचा स्टिकर लावा.

पॅडॉकमध्ये

पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात त्या जागी, रंगाचा सर्वांत मोठा शत्रू ब्रेक ऑइल. ट्रॅकवर ब्रेक ब्लीड करणं, म्हणजे नळ्यांतली हवा काढणं, नेहमीचंच, आणि घाईत एखादा थेंब मडगार्डवर उडतो. बाबांनी मला एकदा हे करून दाखवलं होतं. गॅरेजमागे पडलेल्या एका जुन्या मडगार्डवर त्यांनी सकाळी डॉट ४ ब्रेक ऑइलचा एक थेंब ठेवला आणि कामाला लागले. संध्याकाळी मला बोलावलं. थेंबाखालचा रंग फुगला होता, त्यावर सुरकुत्या होत्या, दुधावरच्या सायीसारख्या. नखाने ढकलला तर तो लगदा होऊन सरकला आणि खाली राखाडी प्रायमर उघडा पडला.

तेव्हा ब्रेकचं काम करताना पाच लिटरचा पाण्याचा कॅन शेजारी असायलाच हवा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. थेंब दिसला की फडक्याने पुसायला जाऊ नका, पुसलं की पसरतं. भरपूर पाणी ओता, मग हलकेच टिपून घ्या, मग परत पाणी. पेट्रोल सांडलं तरी लगेच पाणी.

बाकी गोष्टी साध्या आहेत. हेल्मेट, पाना, काढलेलं चाक यांतलं काही गाडीला टेकवायचं नाही. रेसिंग सूटची चेन गाडीला घासते, वाकून आत बघणाऱ्या मित्रांनाही सांगा. आणि दोन सेशनच्या मधे गाडी झटकणीने झाडू नका. अंगावर वाळू आहे, तिला हात लावायचाच नाही.

गाडी चालवतानाही रंग वाचवता येतो. सरळीवर पुढच्या गाडीच्या बरोब्बर मागे न राहता थोडं बाजूला राहा. मागे चिकटून राहायचं कारणच नाही, ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. तुम्हाला पुढे जायचं असेल तर पुढचा चालक हात दाखवेपर्यंत अंतर ठेवा. कोणी मातीत गेलेला दिसला की तो परत येऊन चार-पाचशे मीटर जाईपर्यंत मोकळी जागा सोडा. आणि स्वतः बाहेर गेलात तर हळू परत या, पुढच्याच संधीला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर जा आणि चाकांच्या कमानीतली खडी झाडून टाका. मागच्याची गाडीही कोणीतरी जिवापाड जपलेली असते.

टेप काढणं

शेवटचं सेशन संपलं की सगळे दमलेले असतात, चहाकडे पळतात, आणि टेप 'हॉटेलवर जाऊन काढू' म्हणून राहते. माझा तळहाताएवढा पापुद्रा गेला तो अशाच संध्याकाळी, घाईने ओढताना. बंपरचं काम कच्चं होतं हे खरं, पण शांतपणे ओढली असती तर निम्मा तरी वाचला असता. त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा.

गाडी सावलीत घ्या. बॉनेटवर तळहात ठेवून बघा. कोमट लागलं पाहिजे. चटका बसतोय तोवर गोंद पातळ असतो आणि तो रंगावर राहतो. पार गार झाला की टेप कडक होते आणि रंग ओढते. लावली त्याच्या उलट क्रमाने काढायची, म्हणजे सर्वांत पुढची पट्टी आधी. टोक नखाने उचला आणि पट्टी स्वतःवरच दुमडून, रंगाला जवळजवळ समांतर मागे ओढत चला. सरळ वर ओढली की सगळा जोर रंगावर येतो. सावकाश, गजरा सोडवतो तशी. मधे अडली तर ओढू नका. केस वाळवायचा ड्रायर लांबून फिरवा आणि परत सुरू करा. गॅरेजची हीट गन नको, ती प्लास्टिक वितळवते.

चिकटा राहिलाच तर बाजारात टार रिमूव्हर मिळतो. बाबा अजून फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन काढतात आणि लगेच शॅम्पूने धुतात, तेही चालतं. थिनर मात्र कधीही नाही, विशेषतः पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर. बाजूला चिकटलेल्या रबराच्या काळ्या रेघाही टार रिमूव्हरनेच निघतात. रिमूव्हर दोन मिनिटं मुरू द्या, नखाने खरवडू नका.

धुण्याचं थोडक्यात: चाकं आणि डिस्क गार झाल्यावरच पाणी. आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने वाळू उतरवायची, मग दोन बादल्या, एक शॅम्पूची आणि एक हातमोजा खळबळायला, वरून खाली. चाकांभोवती, विशेषतः पांढऱ्या गाडीवर, नारिंगी ठिपके दिसले तर ते ब्रेक पॅडचे आणि डिस्कचे लोखंडी कण, तापलेले असताना उडून रंगात रुतलेले. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मारा. तो लोखंडाला लागला की जांभळा होऊन ओघळतो. तो सुकू न देता धुऊन टाका. आणि धुण्याआधी गाडीवर कव्हर चढवू नका, ती वाळू रात्रभर घासत बसेल.

टवके भरणं

इतकं करूनही चार-पाच टवके उडतातच. पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्याची वाट बघू नका. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेत उघड्या पत्र्याला दोन दिवसांत गंज धरतो. रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो. पोलोच्या डिकीत, स्टेपनीजवळ बघा. त्या कोडने टचअपची छोटी बाटली मिळते. टवका स्वच्छ करा, गंज असेल तर टोकदार काडीने खरवडून काढा, पत्रा दिसत असेल तर आधी प्रायमरचा ठिपका. मग बाटलीतला ब्रश न वापरता टूथपिकच्या टोकाने रंगाचा थेंब खड्ड्यात सोडा. एकदम भरायचा नाही. पातळ थर, अर्धा तास थांबा, परत पातळ थर, खड्डा काठोकाठ येईपर्यंत. वर क्लिअर. एक-दोन दिवस सुकू द्या, मग २००० नंबरच्या पाणी पेपरचा बोटाएवढा तुकडा ओला करून फक्त त्या उंचवट्यावर फिरवा आणि पॉलिश करा. पेपरचा हात जमत नसेल तर तसंच ठेवा. थोडा उंचवटा राहिला तरी चालेल, भोवतीचा क्लिअर कोट घासून पातळ करण्यापेक्षा तो बरा.

आणखी एक काम मी आता न चुकता करते. टेप काढण्याआधी तिरक्या उजेडात प्रत्येक बाजूचे फोटो काढते. निळ्या टेपवर खड्यांच्या खुणा स्पष्ट दिसतात, कुठे नुसता खळगा, कुठे आरपार भोक. मागच्या खेपेला बाबा आणि मी ते फोटो फोनवर मोठे करून मोजत बसलो. बॉनेटवर सहा खुणा होत्या. डाव्या मागच्या दाराच्या कमानीवर एकोणीस, त्यांतल्या तीन दुहेरी टेपमधून आरपार. उजव्या कमानीवर मात्र सातच. चेन्नईचा ट्रॅक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालतो, उजव्या वळणातून बाहेर पडताना माझी गाडी डावीकडे कडेपर्यंत जाते आणि डावं पुढचं चाक मातीला लागतं. बाबांनी फोटो बघत विचारलं, "किती रुंद सोडतेस गं?" आता दोन्ही कमानींना फिल्म लावली आहे, डाव्या बाजूला सिलसकट, आणि पुढच्या खेपेला त्या वळणातून एक हात आतून निघायचं ठरवलं आहे.